हाकसूच्या नावाचा भात

१

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. पाळकांनी नाही, शहरातल्या डॉक्टरने नाही, आणि जिच्या प्रत्येक बाळंतपणात मी पदर खोचून उभी राहिले त्या शेजारणीनेही नाही. आता मात्र ज्याच्या त्याच्या तोंडी एकच: "आम्हाला तेव्हाच शंका आली होती." आली होती तर गिळून का बसलात? मी दारोदार सांगत फिरले तेव्हा मला आल्याचा काढा पाजून घरी पाठवणारी हीच माणसं.

मी गावच्या प्राथमिक शाळेच्या पुढे गेले नाही. मला गोष्ट रंगवता येत नाही. झालं तसं लिहिते.

आमचं गाव खाडीच्या तोंडाशी. हिवाळाभर समुद्रातलं शेवाळ काढायचं, धुऊन बारीक करायचं, चौकटींवर पातळ थापायचं आणि उन्हात कागदासारखं वाळवायचं. सगळ्यांचा हाच धंदा. आणि सगळे एकाच चर्चचे. आमच्या मंडळीत एक रीत आहे. तांदूळ धुण्याआधी घरातल्या प्रत्येक माणसासाठी एकेक चमचा बाजूला काढायचा, त्या माणसासाठी मनात प्रार्थना करायची आणि तो तांदूळ खुंटीवरच्या पांढऱ्या पिशवीत टाकायचा. रविवारी ती पिशवी चर्चमध्ये जाते. त्यावर पाळकांचं घर चालतं, निराधार म्हाताऱ्या जेवतात. घरचं कोणी परगावी असलं, बोटीवर असलं, तरी त्याचा चमचा निघतो. माणूस मेला की त्याचा चमचा थांबतो.

मेलेल्याला आम्ही वाढत नाही. भात नाही, दारू नाही, त्याच्यापुढे डोकं टेकणं नाही. वर्षाच्या दिवशी गाणी म्हणतो, प्रार्थना करतो, आणि जेवण जिवंत माणसं जेवतात. माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला भजू नका ही देवाची आज्ञा, आणि आज्ञांमध्ये ती पहिली आहे.

हाकसू माझा एकुलता मुलगा. उत्तरेच्या समुद्रात मासे धरायला गेलेली त्याची बोट परत आली नाही. कंपनीचा माणूस काळा कोट घालून आला, बूट न काढताच ओट्याच्या कडेवर टेकला आणि म्हणाला, "शोध थांबवलाय."

माझी सून ह्यांगमी तेव्हा पोटुशी, दिवस भरत आलेले. तिने विचारलं, "थांबवलाय म्हणजे काय?"

तो कोटाची बटणं चाचपत बसला. शेवटी मीच म्हटलं, "म्हणजे मेला." कोणीतरी म्हणायला हवंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हाकसूचा चमचा काढला नाही.

आमचे हे दारात उभे होते. हे मंडळीतले वडील, म्हणजे पाळकांच्या खालोखाल मान. ऐन तारुण्यात आपल्या बापाच्या नावाची पाटी, जिच्यापुढे सगळं घर डोकं टेकायचं ती, भर अंगणात जाळलेला माणूस. ह्यांच्याइतका कडक माणूस खाडीच्या दोन्ही काठांना नव्हता.

"हाकसूच्या आई, एक चमचा विसरलीस."

"विसरले नाही."

ह्यांनी पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. मग खाकरले आणि अंगणात गेले. मला वाटलं, विषय संपला.

२

थंडी पडता पडता दानबी झाली. मुलगी. कपाळ थेट हाकसूचं, रुंद आणि मधोमध जरा खोलगट. दाई म्हणाली, "मुलगा असता तर बरं झालं असतं." मी तिला म्हटलं, "तू असतीस मुलगा तर तुझ्या आईला बरं झालं असतं, माझ्या घरात तोंड आवर." मुलगा की मुलगी, ह्याचं मला काहीच नव्हतं. माझ्या पोराचं जे काही ह्या जगात उरलं होतं ते दुपट्यात गुंडाळून माझ्या मांडीवर होतं. ते जगवायचं, मोठं करायचं, एवढं एकच माझ्यापुढे होतं.

आणि त्याच सुमाराला भाताची चव गेली.

आधी मला वाटलं तांदूळ जुना. नवं पोतं उघडलं. तसंच. भिजवलेला कागद चावावा तसा भात. मग आंबवलेल्या सोयाबीनचं कालवण तसंच लागायला लागलं, मग किमची, आमचं आंबवलेल्या कोबीचं तिखट लोणचं. रंग तोच, वास तोच, आणि तोंडात घातलं की काही नाही. मिठाचा खडा नुसता चाटून पाहिला. तो खारट होता. म्हणजे जीभ शाबूत.

शेजारच्या सुनबोकच्या आईकडे गेले आणि तिच्या भांड्यातला घास न विचारता तोंडात टाकला. इतका गोड भात की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय गं हाकसूच्या आई, घरात उपास चालू आहे का?"

"आमच्या भाताला चव नाही."

"भाताला नाही, तुझ्या जिभेला नाही. सगळ्या गावाला चावून चावून तिची धार गेली."

"थट्टा करू नकोस. माझ्याकडे येऊन एक घास खाऊन बघ."

ती आली. खाल्लं. चावताना जरा थांबली, ते मी पाहिलं. मग म्हणाली, "चांगला तर आहे. दुःखात असंच होतं बाई, आल्याचा काढा घे." आणि घरी जाताना विहिरीवर थांबून तिने चूळ भरली. तेही मी पाहिलं.

घरात कोणी तक्रार करत नव्हतं. ह्यांगमी बाळाला पाजायचं म्हणून खाली मान घालून भरभर गिळायची. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "दात गेले तेव्हाच चव गेली. मला काय विचारतेस?" मग चमचा खाली ठेवून, माझ्याकडे न बघता, हळूच म्हणाल्या, "पण असा भात मी खाल्लाय. लग्न होऊन आले तेव्हा. पूर्वजांपुढचं ताट उचललं की त्यातला भात सगळ्यांना वाटायचे. तो असाच लागायचा. मेलेली माणसं चव खातात, भात मागे ठेवतात."



३

आता मला जे दिसतं ते मी तेव्हा का पाहिलं नाही, हेही सांगते. कारण ते रोज माझ्या डोळ्यांसमोर होतं.

हाकसूची खोली घराच्या टोकाला. आमच्याकडे चुलीचा धूर जमिनीखालून जातो आणि जमीन तापते. त्या खोलीची चूल वेगळी, बाहेरच्या बाजूला. हाकसू गेल्यापासून ती पेटवली नव्हती. चुलीच्या तोंडात कोळ्याने जाळं विणलं होतं. आमचे हे दुपारचं ताट घेऊन त्या खोलीत जायचे आणि दार लावून घ्यायचे. म्हणायचे, एकांतात प्रार्थना करतो. वडिलांनी एकांतात प्रार्थना केली तर कोणती बायको हरकत घेईल?

"अहो, तिथे गारठून जाल."

"प्रभूने याहून जास्त सोसलं."

त्यांचं ताट बहुतेक वेळा भरलेलंच बाहेर यायचं. "इच्छा नाही," म्हणायचे. मी काटकसरी बाई. अन्न टाकणं मला जमत नाही. वाटीतला भात परत हंड्यात घालायची, कालवण परत कालवणात. संध्याकाळी सगळे तेच जेवायचे.

एके दुपारी हे चर्चच्या बैठकीला गेलेले असताना मी त्या खोलीत हाकसूचे लोकरी मोजे शोधायला गेले. अंगणात पाणी गोठलेलं. दार सरकवून आत पाय टाकला आणि तसाच मागे घेतला.

जमीन ऊन होती.

तापलेली नाही. ऊन. कोणीतरी बराच वेळ बसून उठावं आणि ती जागा ऊबदार राहावी तशी, पण भिंतीपासून भिंतीपर्यंत. मी बाहेर जाऊन चुलीत हात घातला. राख गार. कोळ्याचं जाळं जसंच्या तसं.

मी स्वतःला समजावलं. दक्षिणेची भिंत आहे, ऊन लागतं. त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, पण मी तेच समजावलं.

४

दानबीला अंघोळ मी घालायची. ह्यांगमीचे हात शेवाळाच्या पाण्याने फाटलेले, बाळाला ओरखडे उठायचे म्हणून. बाळाच्या अंगाला दुधाचा एक आंबूस वास असतो ना, तो दानबीला नव्हता. मी मानेच्या वळीत नाक खुपसून बघायची. काही नाही. पाण्यासारखी.

आणि तळपाय.

तान्ह्या मुलाचा तळपाय कधी हातात घेतलाय? जमीन न पाहिलेला असतो, जिभेइतका मऊ. दानबीच्या टाचेला माझा अंगठा अडकला. खरखरीत. आधी वाटलं, काही चिकटलंय. तेल लावलं, घासलं. दोन आठवड्यांत टाच पिवळी पडली, कडक झाली. मग भेगा आल्या. भेगांच्या कडांना पांढरी पूड. ती मी बोटावर घेऊन चाटली. खारट.

हे असले पाय मी ओळखते. बोटीवर वर्षानुवर्षं अनवाणी उभ्या राहिलेल्या माणसाचे असतात.

शहरात नेलं. डॉक्टर तरुण, चष्मा पुसत राहणारा.

"त्वचा कोरडी आहे, आजी. मलम देतो."

"ही अजून उभी राहिलेली नाही. चालल्याशिवाय घट्टा पडतो का?"

"काही मुलांची असते तशी ठेवण."

"तुम्ही आजवर किती पाहिलीत अशी?"

त्याने चष्मा घातला. "पुढचा पेशंट," म्हणाला.

परत येताना बसमध्ये ह्यांगमी म्हणाली, "आई, तुम्ही तिच्याकडे असं बघत जाऊ नका. मला भीती वाटते."

"तिची?"

"तुमची."

५

मी पाळकांना घरी बोलावलं. आमच्याकडे पाळक घरी येऊन उपासना घेतात, मग जेवतात. उपासना झाली. ह्यांनी अशी प्रार्थना केली की सासूबाई रडल्या. देवाच्या आज्ञा पाळायचं बळ दे म्हणाले. हे शब्द माझ्या कानांनी ऐकले.

मग मी सगळं सांगितलं. भात, जमीन, तळपाय. ह्यांच्यासमोर सांगितलं. हे भिंतीकडे बघत बसले.

पाळक गुळगुळीत आवाजाचे. "बहीण, मुलगा गेल्यावर आईच्या मनात असे विचार येतात. सैतान दुःखाच्या फटीतून आत शिरतो."

"मग काढा त्याला बाहेर! तुम्हाला गाव कशासाठी पोसतं?"

"हाकसूच्या आई!" हे ओरडले.

पाळक हसले आणि जेवायला बसले. "वा, भात फार छान झालाय." मी त्यांच्या हाताकडे बघत होते. त्यांनी भातावर सोयाचा खारा रस घातला. पुन्हा घातला. भात काळा होईपर्यंत घालत राहिले आणि "छान, छान" म्हणत राहिले.

जाताना दारात मला हळूच म्हणाले, "तुमच्या सासूबाई जुन्या वळणाच्या. त्यांच्यावर लक्ष ठेवा."

मी पण तेच मनात धरलं होतं. ताटाच्या चवीचं त्यांनाच कसं माहीत? मी त्यांचं गाठोडं उपसलं, गादी फाडली. म्हातारी भिंतीला टेकून बघत होती.

"काय शोधतेस, सूनबाई?"

"कुठे वाढता तुम्ही हाकसूला? खरं सांगा."

"त्या पाटीची राख ह्याच हातांनी झाडली मी. त्यानंतर मेलेल्या कोणाला घास ठेवला नाही. माझ्या आईलासुद्धा नाही. ती उपाशी फिरत असेल, असं कधी कधी वाटतं. तरी नाही ठेवला."

"मग दुसरं कोण?"

"मी गेल्यावर तुला कळेल," सासूबाई म्हणाल्या. "भात तसाच लागला, तर पोरीला घेऊन पळ. आधी कोणाला विचारू नकोस."

मी त्यांना दूर मोकपो शहरात नणंदेकडे पाठवून दिलं. बसच्या खिडकीतून त्यांनी मागे पाहिलं नाही. कोणाला हे क्रूर वाटत असेल तर वाटू दे. मला माझी नात वाचवायची होती.

भात तसाच लागत राहिला.

मग मी सुनेकडे वळले. तिच्या पेटीत हाकसूचा फोटोसुद्धा नव्हता. "कुठे आहे?" विचारलं.

"जाळला," ह्यांगमी म्हणाली. "आई, मी त्यांना विसरायला बघतेय. दानबी दूध पिताना त्या खोलीच्या दाराकडे मान वळवते. तोंडातलं सोडून वळवते. तुम्ही पाहिलंय का?"

पाहिलं होतं. आणि सासूबाईंनी पळ म्हटलं होतं. मी पळाले नाही. शेवाळाचा हंगाम होता, चौकटी भरलेल्या होत्या, आणि घरात मंडळीचे वडील होते. वडील असलेल्या घरातून कोण पळतं?

६

सासूबाई गेल्यावर दुपारी बाळाजवळ कोण, हा प्रश्न आला. उन्हाची वेळ चौकटी फिरवायची, मी आणि ह्यांगमी दोघी वाळवणावर लागायचो. हे म्हणाले, "मी सांभाळतो." मला बरंच वाटलं. आजोबा नातीला जीव लावतात, असं वाटलं.

त्या दिवशी वारा अचानक फिरला. चौकटी पडायला लागल्या, म्हणून जास्तीची दोरी आणायला मी घरी धावले. दोरी त्या खोलीच्या मागच्या छपरात. भर दुपार, लख्ख ऊन. मी हे मुद्दाम लिहिते, कारण मला नंतर विचारलं गेलं, अंधार होता का म्हणून. नव्हता.

आतून चमच्याचा आवाज आला. पितळेच्या वाटीवर चमचा टेकला की होतो तो. मग ह्यांचा आवाज. हा आवाज मी आमच्या लग्नानंतर हाकसू लहान असताना ऐकला होता, पुन्हा कधीच नाही.

"घे, बाळा. अजून घे. पोटभर घे."

आमची दारं कागद लावलेली, त्यात तळहाताएवढी काच बसवलेली असते, आत बसलेल्या माणसाला अंगण दिसावं म्हणून. मी खाली बसले आणि डोळा लावला.

आमचे हे जमिनीवर कपाळ टेकवून पडले होते. बापाच्या पाटीपुढे न वाकलेला माणूस, कोपरं जमिनीला लावून, पालथा. त्यांच्या डोक्यासमोर ताट. भाताच्या वाटीत चमचा उभा खोवलेला. तसा चमचा मेलेल्याच्या भातात खोवतात; आमची लहान पोरंसुद्धा चुकून खोवत नाहीत.

ताटापलीकडे कोणीतरी बसलं होतं. माझ्याकडे पाठ. काच खाली होती, म्हणून मला कमरेच्या वरचं काही दिसलं नाही. दिसले ते मुडपून बसलेल्या माणसाचे तळपाय. मोठे, पुरुषाचे. आणि गुलाबी. एक भेग नाही, एक घट्टा नाही. जमीन न पाहिलेले. जिभेइतके मऊ.

त्यांच्या शेजारी दुपट्यावर दानबी. हसत होती. ती घरात कधी हसली नव्हती.

त्या माणसाचा हात भाताकडे गेला नाही. तो दानबीच्या पायाकडे गेला, आणि अंगठ्याने टाच चोळायला लागला. हळू, सवयीने, जसं रोजचं काम.

मी दार फोडूनच आत गेले.

ताट होतं. हे होते. दानबी होती. बाकी कोणी नाही. पायाखाली जमीन ऊन.

"उठा!" मी ह्यांच्या पाठीत लाथ घातली. होय, लाथ. "कोण होता तो?"

हे उठून बसले. कपाळावर चटईचा वळ. "तू त्याचा चमचा बंद केलास. तो उपाशी आला."

"तो हाकसू नव्हता."

"मग कोण माझ्या पोराच्या खोलीत येऊन बसेल?"

"तोंड पाहिलंत का तुम्ही त्याचं?"

हे वाटीतला उभा चमचा काढून ताटात ठेवायला लागले.

"एकदा तरी पाहिलंत का?"

"मी नमस्कारात असतो," ते म्हणाले. "मान वर करून कसं बघणार?"

७

ह्यांगमी त्याच दिवशी मुलीला घेऊन डोंगरापलीकडे माहेरी गेली. मीच बसमध्ये बसवली. मला वाटलं, सुटली.

आठवडा उलटला नाही तोच ती परत आली. दानबीचे गाल आत गेलेले. तिने आईचं दूध सोडलं होतं, गाईचं थुंकलं, पेज ओठांवरून ओघळू दिली. माहेरच्या डॉक्टरने नळी घातली, तीही तिने ओकून टाकली. अजून पालथीही न पडणारी पोर, पण अंगणात ठेवताच ती रांगत निघाली. त्या कडक टाचा दगडावर घासत, कर्र कर्र आवाज करत, थेट खोलीच्या दाराशी. हे आतून ताट घेऊन बाहेर आले. वाटीतला भात तिच्यापुढे धरला. तिने दोन्ही हातांनी खाल्ला.

तिथेच माझी हार झाली. बाकी सगळं त्यानंतरचं.

मी खूप करून पाहिलं. दुसऱ्या वाटीत भात दिला, शेजारचा दिला, साखर घालून दिला. ती तोंड उघडत नाही. त्या ताटावरून उठलेला भात तेवढा खाते. बेचव, थंड, तो. त्यावर तिचं वजन वाढतं. डॉक्टर खूश आहे.

थंडी ओसरली तेव्हा आमचे हे गेले. दुपारी दार उघडलं तर तसेच पालथे, कपाळ जमिनीला. सरळ करताना मान वळेना. डोळे मिटलेले. शेवटपर्यंत वर पाहिलं नसणार.

मंडळीने त्यांना मोठ्या मानाने पुरलं. पाळक म्हणाले, असा आज्ञा पाळणारा माणूस ह्या किनाऱ्यावर झाला नाही. लोक आमेन म्हणाले. मी उभी राहिले आणि जे पाहिलं ते सगळं तिथेच सांगितलं. सुनबोकच्या आईने माझा हात ओढून मला खाली बसवलं. पुढच्या रविवारपासून मला प्रभुभोजनातून, म्हणजे चर्चमधल्या पवित्र भाकरीतून, वगळलं. मेलेल्यावर, तेही वडिलांवर, खोटी साक्ष दिली म्हणून. तीही एक आज्ञाच आहे.

ह्यांगमी शहरात कारखान्यात लागली. म्हणते, "ती माझी वाटत नाही, आई. मी तिला उचलते तेव्हा तीच माझ्याकडे लेकराकडे बघावं तशी बघते." मी तिला अडवलं नाही.

आणि ताट आता मी नेते.

हे गेल्यावर मी दार खिळे ठोकून बंद केलं होतं. दानबी बाहेर बसून राहिली, रडली नाही. दिवसामागून दिवस वाळत गेली. तिच्या छातीच्या फासळ्या मोजता आल्या असत्या. देवाची आज्ञा मला तोंडपाठ आहे. पण तोंडपाठ आज्ञा पोराच्या पोटात घालता येत नाही. मी खिळे काढले.

मी वाकत नाही. ताट ठेवते, चमचा खोवते आणि भिंतीकडे तोंड करून बसते. मागे जमिनीवर कोणीतरी बसल्याचा आवाज होतो, मऊ, अनवाणी. दानबी हसते. मी वळत नाही. तो हाकसू नसला तर मी काय पोसतेय, ते मला बघायचं नाही. आणि तो हाकसूच असला, तर मला ते त्याहून बघायचं नाही.

परवा आंघोळीत दानबीचे गुडघे कडक लागले.

मी मेले की देवापुढे उभी केली जाईन. पळवाट नाही, ते मला माहीत आहे. तिथे मला विचारतील, तुझ्या घरात मेलेल्यापुढे ताट कोणी मांडलं, पहिली आज्ञा कोणी मोडली, हे लेकरू त्याच्यापुढे कोणी वाढून ठेवलं. पाळक म्हणतात, दुःखाने. सुनेच्या माहेरचे म्हणतात, सासूने. गाव म्हणतं, मोकपोला गेलेल्या म्हातारीने. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. इतक्या वर्षांच्या संसारात मीही घेतलं नाही, त्यांच्या कबरीवरसुद्धा नाही. देवापुढे मात्र मान वर करून घेईन, सगळ्या मेलेल्यांना ऐकू जाईल असं.

प्यो तेग्वान.